सोडलेल्या वेण्या

"हिचे केस फारच नीट आहेत. फोटोत गरीब वाटणार नाही ही."

मॅडमने हे मला सांगितलं नाही, फोटोवाल्याला सांगितलं. मी दोघांच्या मध्ये उभी होते. शाळेच्या पडवीत. तिसरीत होते मी. आमचा पाडा वज्रेश्वरीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. त्या दिवशी भिवंडीहून सेवा क्लबची गाडी दप्तरं आणि बूट घेऊन आली होती. मॅडम आणि फोटोवाला त्याच गाडीतून उतरले होते.

मग मॅडमचा हात माझ्या डोक्यात आला. न विचारता. तिने एक रिबीन ओढली, मग दुसरी. वेण्या पेडापेडाने उलगडल्या. मानेपासून वरपर्यंत बोटं घालून केस पिंजले. तिच्या अंगठीत माझे दोनचार केस अडकले, ते तिने झटकून तोडले. आमच्या वर्गाच्या बाई बाजूला उभ्या राहून हसत होत्या. पाहुण्यांसमोर हसतात तसं.

"आता बघ इकडे," मॅडम म्हणाली. "हसू नकोस."

मी हसतच नव्हते.

फोटो निघाला. मला दप्तर मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी धूळ उडवत गेली आणि माझ्या लाल रिबिनी मॅडमच्या मुठीतच गेल्या. वज्रेश्वरीच्या जत्रेत आयने घेतलेल्या. मी मागायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. गाडीतल्या माणसाकडे आपलीच वस्तू मागायची असते, हे तेव्हा आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सकाळी आयने मला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून बसवलं होतं. शेजारणीकडून खोबरेल आणलं होतं. "हालू नको. बाहेरची मानसं येनार हायत. बिगर विंचरल्याची जाऊ नको त्यांच्यापुढं." मजुरीवर जायला तिला उशीर होत होता. तरी तिने भांग दोनदा पाडला, कारण पहिला वाकडा आला होता. माझ्या आयकडे लोकांपुढे मांडायला दुसरं काही नव्हतं. माझं डोकं होतं. ते तिने मांडलं.

घरी गेले तेव्हा तिने आधी दप्तर पाहिलंच नाही. केस पाहिले.

"वेन्या कुठं गेल्या?"

"त्या बाईनं सोडल्या."

"त्या कशाला सोडतील? मोठी मानसं ती." तिने माझे सुटे केस हातात घेऊन पाहिले. मग म्हणाली, "मीच ढिल्या घातल्या आसतील."

मी रडून सांगितलं, पाय आपटून सांगितलं. तिला पटलं नाही. देणारा माणूस असं करील, हे तिच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. दोष ठेवायला तिला एकच जागा माहीत होती, स्वतःची.

पुढे तो फोटो भिवंडीत लागला. धामणकर नाक्यावर, भला मोठा बॅनर. पिंजारलेल्या केसांची मी आणि खाली लिहिलेलं, 'हिच्या आयुष्यात उजेड आणूया.' आय नाक्यावर रानभाजी विकायला बसायची. शेजारी बसणारीने बॅनरकडे बोट दाखवून विचारलं, "ही तुझीच ना गं? पोरीला विंचरत न्हायस का?"

आयने मान खाली घातली आणि भाजीच्या जुड्या सारख्या केल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी तिच्या शेजारी बसले होते.

त्यानंतर ती माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की कपाळ ताणलं जायचं, डोळे ओढले जायचे. "आता सुटते का बघू," म्हणायची. माझ्याशी नाही, कुणाशी तरी बोलत असल्यासारखं. आश्रमशाळेत गेले तरी सुट्टीत घरी आल्यावर आधी वेणी. मी कमावती झाले, तरी आधी वेणी. शेवटच्या आजारात तिच्या बोटांत जोर उरला नव्हता. तेव्हाही तिने मला जवळ ओढलं, पेड घालायला घेतले. ते सुटायला लागले. ती म्हणाली, "बघ. ढिलीच पडते माझी."

हे वाक्य डोक्यात घेऊन ती गेली. आणि मी ते वाक्य घेऊन मागे राहिले.

आजही न्हाव्याच्या, पार्लरच्या खुर्चीत मी बसू शकत नाही. मागून कुणी सहज हात लावला तरी मान आखडते. झोपेत तो हात येतो. मानेपासून वर. अंगठी लागते.

मी मानकोलीच्या एका गोदामात पॅकिंगला लागले. आता तिथेच शिफ्टची सुपरवायझर आहे. आमचे मॅनेजर साहेब एका सेवा क्लबचे मेंबर. एक दिवस म्हणाले, "तू पण ये ना क्लबमध्ये. समाजकार्य असतं, फेलोशिप असते, म्हणजे बंधुभाव. तिथे साहेब-बाई कुणी नाही, सगळे सारखे." कुठला क्लब ते मी विचारलंच नाही. सगळे सारखे, एवढंच ऐकलं.

गेले. हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढली. खरंच ओढली. माझं नाव लिहिलेला बिल्ला दिला. जेवताना एक उद्योगपती माझ्या बाजूला बसून कोशिंबीर वाढत होता. त्यांची एक पद्धत होती. बैठकीच्या शेवटी एक लाकडी पेटी फिरायची. आनंदपेटी. ज्याला काही चांगलं घडलंय त्याने उभं राहायचं, आनंद सांगायचा आणि पेटीत आपल्या मनाने काही टाकायचं. कुणाची मुलगी परदेशी गेली, कुणाच्या पॉवरलूमना मोठी ऑर्डर मिळाली. टाळ्या व्हायच्या. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? आनंद मोठ्याने सांगायची सवय आमच्याकडे नसते. दृष्ट लागते म्हणतात.

मग भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे मी होते. पिंजारलेली. हसू नकोस म्हटलेली.

आणि मॅडम समोरच्या टेबलावर. केस पांढरे झालेले, अंगठी तीच. तिने मला ओळखलं नाही. कुणीच ओळखलं नाही. त्या फोटोखाली बसून मी त्यांच्याबरोबर जेवत राहिले. का उठले नाही? ते मलाही कळत नव्हतं. भूत दिसलं की माणूस पळतो म्हणतात. मी जागेला खिळले.

वार्षिक निधीसाठी आम्हाला डबे घेऊन उभं केलं. मला धामणकर नाका मिळाला. अंगात क्लबचा टी-शर्ट, हातात डबा, डोक्यावर माझाच बॅनर, दरवर्षी नव्याने छापून लावलेला. आमच्यातले दोघेतिघे तर चहापेक्षा किटली गरम, देणाऱ्यालाच दरडावत होते. शेअर रिक्षाच्या रांगेतला एक लूमवाला कामगार पुढे आला. अंगावर सुताचे पांढरे तंतू, डोळे जागरणाचे. त्याने खिशातून काढून डब्यात टाकलं, वर पाहिलं आणि मला विचारलं, "इसकी माँ नहीं है क्या?"

त्याच्या आवाजात खरी कळकळ होती. म्हणूनच सहन झालं नाही. त्याच नाक्यावर, चार हात पलीकडे माझी आय भाजी घेऊन बसायची.

तो रिक्षात बसून गेला. त्याचा प्रश्न माझ्या हातातल्या डब्यात वाजत राहिला.

पुढच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, जुना फोटो आता फिका पडला, नवीन चेहरा हवा. देणगीदारांना नवीन काही दाखवावं लागतं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही त्याच भागातल्या ना? आम्ही गाडी पाठवतो. तुम्ही फक्त आयांना आधी सांगून ठेवा, मुलींना तेल लावू नका, वेण्या घालू नका. ऐनवेळी सोडत बसावं लागतं."

मी. मी जाऊन सांगायचं. आयांना.

तेवढ्यात पडद्यावर माझा फोटो लावला, नवीन कसा हवा ते दाखवायला. भिंतीएवढा. इतक्या मोठ्या आकारात मी तो कधी पाहिला नव्हता. तोंडाकडे बघवेना म्हणून केसांकडे पाहिलं. आणि दिसलं.

केसांना वळणं होती. कानापासून खांद्यापर्यंत, एकाखाली एक, सारखी. न विंचरलेल्या केसांना गुंता असतो. अशी ओळीने वळणं फक्त घट्ट घातलेल्या आणि नुकत्याच सोडलेल्या वेणीची असतात. पोरींना वाढवलेल्या कुठल्याही बाईला विचारा. वरच्या टोकाला, पडद्याच्या कडेला, सरळ भांगाची रेघही उरली होती. दुसऱ्यांदा पाडलेल्या भांगाची.

आय, तू ढिल्या घातल्या नव्हत्यास. इतकी वर्षं नाक्यावर सगळ्यांसमोर टांगलेलं होतं ते. तुलाही दिसलं नाही, मलाही नाही. मान वर करून नीट पाहायची आपल्याला लाजच इतकी वाटायची.

आनंदपेटी फिरत आली. मी उभी राहिले.

"मला एक आनंद सांगायचाय. पडद्यावरची मुलगी मी आहे. आणि त्या दिवशी माझ्या आईने माझ्या वेण्या घातल्या होत्या. तुमच्या मॅडमनी त्या सोडल्या. फोटोत दिसतंय."

मला वाटलं, आता कुणाची तरी मान खाली जाईल. अध्यक्षांनीच आधी टाळी वाजवली.

"अरे वा! म्हणजे आपल्या कामाचा पुरावाच इथे उभा आहे! बिफोर आणि आफ्टर! फोटो घ्या रे कुणीतरी दोघींचा, यांचा आणि मॅडमचा, पडद्याजवळ उभं करून!"

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. उभं राहून. माझं अर्धंच वाक्य त्यांनी ऐकलं होतं. त्यांना हवं तेवढं.

मॅडम उठून माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी. "अगं, तू? किती मोठी झालीस! पण मी वेण्या सोडल्या? मला नाही गं आठवत."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. माझ्या आयने मरेपर्यंत बाळगलेली गोष्ट हिच्या लेखी घडलीच नव्हती.

आणि मग तिचा हात आला. मायेने. डोक्याकडे.

मी तो वरच्या वर धरला. मनगटाशी. जी बोली मी गोदामात, क्लबात, फोनवर जिभेखाली दाबून ठेवत होते, ती आपोआप वर आली.

"डोक्याला हात लावायचा न्हाय."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "बसा, शांत व्हा. हे फेलोशिपला शोभत नाही. आणि असा फोटो लागला नाही तर कुणी देणार नाही. मग तुमच्या पाड्यावरच्या पोरींना दप्तरं नकोत का?"

"दप्तर पायजे," मी म्हटलं. "वेनीसकट पायजे. आन् माझा फोटो उतरवा."

"फोटो क्लबचा आहे," ते म्हणाले.

मी बिल्ला काढून आनंदपेटीत टाकला आणि बाहेर पडले.

पाड्यावर मी निरोप दिला नाही. गाडीही आमच्याकडे आली नाही, दुसऱ्या पाड्यावर गेली. दप्तरंही तिकडेच गेली. आमच्या पाड्यावरच्या बाया माझ्याशी नीट बोलत नाहीत. एकीने तोंडावर विचारलं, "तुझी वेनी ऱ्हायली, माझ्या पोरीचं दप्तर गेलं. काय केलंस तू?" तिचं चूक नाही. मी तिला म्हटलं, भीक नको पण कुत्रा आवर, अशी वेळ होती. ती म्हणाली, "तुला पगार हाय. आमाला कुत्रा चालतो." मॅनेजर साहेब आता मला नावाने हाक मारत नाहीत, कामापुरतं बोट दाखवतात.

गेल्या आठवड्यात धामणकर नाक्यावर नवा बॅनर लागला. शेअर रिक्षातून उतरले आणि समोर ती. सातआठ वर्षांची. पिंजारलेली. ओळ तीच, उजेडाची. लोक खालून जात होते. एका बाईने चुकचुक केली, "आईला काही वाटतं की नाही?"

मी मान वर करून नीट पाहिलं. कानामागे तेल चमकत होतं. आणि केसांना वळणं होती. एकाखाली एक, सारखी.

कुठल्यातरी पाड्यावर एक बाई या क्षणी स्वतःला दोष देत बसली आहे. तिच्या पोरीची कुणीतरी रिबीन नेली आहे.

मी त्या बाईशी बोलले, चुकचुकणाऱ्या बाईशी. हात धरून थांबवलं. "वर बघा. ती वळणं बघा. आईने वेण्या घातल्या होत्या. फोटोसाठी सोडल्यात." ती आधी घाबरली, मग बघत राहिली. रिक्षावाला ओरडायला लागला तरी बघत राहिली.

सुट्टीच्या दिवशी मी पाडे हिंडते आहे. ते घर मला सापडेल. त्या आईला मी बॅनरचा फोनवर काढलेला फोटो दाखवणार आणि पहिलं वाक्य हेच बोलणार, की तू ढिल्या घातल्या नव्हत्यास. मग तिला आणि तिच्या पोरीला घेऊन भर दुपारी धामणकर नाक्यावर येणार. पोरीच्या डोक्याला तेल असेल, भांग सरळ असेल, दोन घट्ट वेण्या असतील. आम्ही तिघी बॅनरखाली उभ्या राहणार. तो खाली उतरेपर्यंत.