लडाखला निघालेली फटफटी

हिमालय प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी हाक मारतो, आणि ज्याला ती ऐकू येते तो मग पूर्वीचा राहत नाही. माझ्या मोठ्या भावाला ही हाक निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मोबाइलवर आली. दुपारचं जेवण होऊन तो कूलरसमोर आडवा पडला होता. कोणीतरी बर्फातून मोटारसायकल चालवत होता आणि मागे बासरी वाजत होती. दादाने ते तीनदा पाहिलं आणि मला फोन केला.

दादाने सारी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. कालव्याला पाणी सुटलं की नाही, सुटलं तर कोणी अडवलं, हे पाहत तो लाखांदूर तालुक्यात फिरला. दिघोरीच्या घरची शेतीही त्यानेच सांभाळली, कारण मी शिकत होतो. शिकून मी साकोलीच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागलो आणि तेव्हापासून थकलेलाच आहे. दादा मात्र थकल्याचं कधी बोलला नाही. त्यामुळे लडाखचं ऐकून मी हसलो नाही. हसायलाही उत्साह लागतो.

नवी गाडी घ्यायचा प्रश्न नव्हता. घरात फटफटी होती. जुनी दोन-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागतं, किकचा दांडा आत ढकलला की तोच गिअरचा होतो. दादाने ठरवलं की हिलाच डोंगरात जाणारी करायची. उंच करायची, जाड टायर घालायचे, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावायच्या. मोबाइलमध्ये परदेशी लोक आपल्या आजोबांच्या गाड्यांचं असंच करत होते. ते इंग्रजीतून काय सांगतात ते समजावून द्यायला मी दर रविवारी दिघोरीला जायचो. मलाही त्यातलं अर्धंच कळायचं. बाकीचं मी इतिहासाच्या प्राध्यापकाला शोभेल अशा आत्मविश्वासाने सांगायचो.

अडचण एवढीच होती की गाडी दादाची नव्हती. वहिनीची होती.

म्हणजे कागदावर दादाचंच नाव. पण गाडी वहिनीच्या बाबांनी लग्नात दिलेली. ते आंबागडचे, किल्ल्याच्या पायथ्याशी थोडी धानाची शेती असलेले. जावयाला फटफटी द्यायची म्हणून त्यांनी बैलजोडी विकली. हुंडा वाईट, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि त्याच गाडीवर बसून कॉलेजच्या मुलाखतीला गेलो होतो, हेही खरं. गाडी पहिल्यांदा आंबागडला गेली तेव्हा वहिनीच्या बाबांनी तांब्याभर पाणी आणून तिच्या पुढच्या चाकावर ओतलं. रस्त्याने चालून आलेल्या बैलांच्या पायांवर ते ओतायचे तसंच. जोडी गेली होती, ओतायची सवय राहिली होती. पुढे तेच रूढ झालं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. ज्या दिवशी ज्या गावची मंडई, त्या दिवशी त्या गावच्या लेकी, जावई, सोयरे सगळे तिथे, दिवसा ढोलकीवरच्या सोंगा-नाचाची दंडार आणि मग नाटक. दर मंडईला वहिनी त्या गाडीवर डावीकडे पाय सोडून बसून माहेरी जायची आणि दारात चाकावर पाणी पडायचं. बाबा गेल्यावर ते काम तिच्या धाकट्या भावाने घेतलं. शेतीही त्यानेच घेतली. वहिनीने हक्क सोडल्याची सही करून दिली, आमच्याकडे बहिणी देतात तशी. त्या घरचं तिचं म्हणून उरलं ते हे तांब्याभर पाणी.

दादाने बेत सांगितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कराचं थे करा," ती म्हणाली. "मंडईले मी तिच्यावरच बसून जाईन. बाबाची गाडी हाय माही."

दादाने शब्द दिला की मागची सीट जागची हलणार नाही.

त्याने शब्द पाळला. सीट जागची हलली नाही, फक्त वर गेली.

पुढचे शॉकअप भंगारातल्या एका लांब पायांच्या गाडीचे बसवले, मागचे नव्या गाडीचे. टायर बटनाचे, म्हणजे जाड रबरी गोट्यांचे आले, जे डांबरी रस्त्यावर भुंग्यासारखे गुणगुणतात. दोन सायलेन्सर काढून एकच वर उचलला. त्यामुळे तिचा जुना, गावाला ओळखीचा आवाज गेला आणि खोकला लागल्यासारखा दुसरा आला. लेगगार्ड आणि इंजिनाखालचा पत्रा करायला गाडी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे गेली. तो एरवी ट्रॅक्टरची केजव्हील करतो, धानाच्या चिखलणीसाठी टायरऐवजी लावायची लोखंडी पिंजऱ्यांची चाकं. त्याने एकच प्रश्न विचारला, चिखलात चालवाची हाय का? दादा म्हणाला, बर्फात. वेल्डिंगवाल्याने विचार केला आणि दोन्हींत फारसा फरक नसावा असं धरून केजव्हीलचेच गज वापरले. गाडी परत आली ती आम्हा दोघा भावांना मिळून स्टँडवर चढवता येईना. दादाला हे मजबुतीचं लक्षण वाटलं. पेट्या पत्र्याच्या, धान्याच्या कोठ्या करणाऱ्याने केलेल्या. डावी पेटी बसवायला साडीगार्ड आड येत होतं, म्हणून ते काढून टाकलं. वहिनीने ते उचलून नेलं आणि कारल्याच्या वेलाला टेका दिला.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती दादाने कोणाला सांगितली नाही. सीटवर बसल्यावर त्याचेच पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. बोटं टेकायची.

एवढ्यात गावाने सत्कार उरकून घेतला. आमच्याकडे माणूस काही करून येईपर्यंत कोणी थांबत नाही. न जाणो, करून आला नाही तर सत्कार राहून जायचा. बसथांब्यावर फ्लेक्स लागला. त्यावर दादाचा मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला चेहरा, त्याच्यामागे बर्फाचे डोंगर, आणि खालच्या बाजूला शुभेच्छुकांचे इतके चेहरे की मोहीम त्यांचीच वाटावी. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. अध्यक्ष म्हणाले की हिमालयाच्या हाकेला पुन्हा एकदा सह्याद्री धावून जात आहे. दिघोरीहून सह्याद्री जवळजवळ हिमालयाइतकाच लांब आहे, पण टाळ्या पडल्या. मलाही दोन शब्द बोलायला लावलं. मी दोनच बोललो.

लडाखचं जाणं पुढच्या उन्हाळ्यात होतं. आधी सरावाची फेरी म्हणून आंबागडची मंडई ठरली, जिल्ह्याच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत. दादाच्या लेखी ती चाचणी होती. वहिनीच्या लेखी ती मंडई होती.

त्या सकाळी वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात आली आणि गाडीजवळ उभी राहिली. सीट तिच्या कमरेच्या बरीच वर येत होती. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. दादाने सुचवलं की तिने एसटीने पुढे व्हावं, तो मागोमाग गाडी घेऊन येतोच आहे.

"गाडी माही अन् मी एसटीनं," वहिनी म्हणाली. तक्रार नव्हती, नोंद होती.

मग तिने कामं वाटली. डावी पेटी काढायला लावली. मला कारल्याच्या मांडवातून साडीगार्ड आणायला पाठवलं आणि दादाला ते तारेने बांधायला बसवलं. गाडी ओट्याला लावून घेतली, स्वतः ओट्यावर चढली, तिथून सीटवर सरकली आणि पदर खोचला. बसणं जमलं. उतरायचं कसं, हा प्रश्न होता. वाटेत प्रत्येक ठिकाणी ओटा कोण बांधून ठेवणार? तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, घरातलं स्टूल घ्या तुमच्या स्कूटरवर."

दादाला हे पटलं नाही. लडाखला जाणाऱ्या गाडीमागे स्टूल फिरतंय, लोक काय म्हणतील, असं तो बराच वेळ म्हणत होता. मी तोवर दोरीने स्टूल बांधलं. जगातल्या मोहिमांबद्दल मी थोडंफार वाचलं आहे. सामान मागून वाहणारा माणूस प्रत्येकीत असतो आणि फोटोत नसतो.

साकोलीपर्यंत ठीक गेलं. चहाला थांबलो तेव्हा मी पुढे होऊन स्टूल मांडलं, वहिनी उतरली, चहा झाला, ती पुन्हा चढली. टपरीवाल्याने मला विचारलं की मी यांच्याकडे कामाला आहे का. मी हो म्हणालो. खुलासा करायचा कंटाळा आला.

कापणीचे दिवस होते. बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, आणि रस्त्याचा अर्धा भाग लोकांनी धान वाळवायला घेतलेला, जणू सरकारने तो त्यासाठीच बांधला. तुमसरच्या अलीकडे समोरून ट्रॅक्टर आला. दादाने धानावर चाक जाऊ नये म्हणून ब्रेक मारला, गाडी थांबली आणि त्याचा डावा पाय जमीन शोधू लागला. जमीन त्याच्या हिशेबापेक्षा खाली होती. गाडी सावकाश, सभेत डुलकी लागलेल्या अध्यक्षासारखी, डावीकडे कलली. वहिनी डावीकडेच पाय सोडून बसलेली. गाडी जशी कलत गेली तसे तिचे पाय जमिनीला लागत गेले आणि ती सरळ उभी राहून दोन पावलं पुढे गेली. त्या दिवसातलं तिचं तेच एक सुखाचं उतरणं. दादा मात्र गाडीबरोबर तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, आडवा झाला. लागलं नाही. लेगगार्डला तर ओरखडाही नव्हता.

उचलायला मात्र आम्ही पुरे पडलो नाही. बांधीत काम करणारी माणसं आणि बाया आल्या. सगळ्यांनी मिळून गाडी उभी केली आणि मग पाहत उभे राहिले. एका म्हातारीने गज, पत्रा, वर उचललेला सायलेन्सर असं सगळं मळणीयंत्र पाहावं तसं पाहून घेतलं.

"काय वो बाई, धान चुरते का हे मशीन?"

"नाही वो मावशी," वहिनी म्हणाली. "माणसं चुरते."

बाया हसत बांधीत परत गेल्या. दादा रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. हेल्मेट मांडीवर, केसांत तणसाची काडी. मला तो पहिल्यांदाच म्हातारा दिसला. तो म्हणाला, गाडी इथेच कोणाच्या तरी घरी ठेवू, तिघं बसने जाऊ, मंडई सापडेल. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी स्टुलाची दोरी सोडायलाही लागलो होतो.

वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याच्या केसांतली काडी काढून तिने फेकली.

"तुमाले लडाखले जाचं हाय," ती हळू म्हणाली. "मले आंबागडले. माहं जवळ हाय. चाला."

ती त्याच कठड्यावर चढली. मी आणि दादाने गाडी कठड्याला लावून धरली.

आंबागडला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. दंडारीची ढोलकी लांबून ऐकू येत होती आणि सारं गाव तिकडे होतं. वहिनीचा भाऊ मात्र दरवर्षीसारखा घरच्या ओट्यावर, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून बसलेला. आमचा खोकत येणारा आवाज ऐकून त्याने वर पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला. तो दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होता. गाडी ओट्याला लागली तेव्हा तो दचकून उठला. जावयाला रामराम घातला, बहिणीला हात देऊन उतरवून घेतलं. मग रस्त्याकडे बघत विचारलं,

"बाई, बाबाची गाडी कुटी हाय?"

दादा हेल्मेटचा पट्टा सोडत होता. त्याचे हात थांबले. दिवसभरात प्रथमच मला त्याचं वाईट वाटलं, आणि त्याहून वहिनीचं. भावाने तांब्या उचललेला नव्हता.

"हेच व्हय," वहिनी म्हणाली.

भाऊ गाडीकडे पाहत राहिला. टायरांकडे, गजांकडे, उजवीकडच्या एकट्या पेटीकडे. त्याचा विश्वास बसत नव्हता हे दिसत होतं, आणि बहिणीला खोटं कसं म्हणावं हेही त्याला कळत नव्हतं.

"मी बसून आली ना? मंग हेच व्हय. टाक पाणी."

त्याने तांब्या उचलला. ओट्यावरून खाली उतरून पुढच्या चाकावर पाणी ओतलं. बटनांच्या खाचांमधून ते थांबत थांबत खाली गेलं, वाटेतलं तणस बरोबर घेऊन. वहिनी शेवटचा थेंब पडेपर्यंत पाहत होती. मग ती चूळ भरायला आत गेली आणि आम्ही तिघं बाप्ये त्या ओल्या चाकाकडे बघत उभे राहिलो.

पुढचा उन्हाळा आला आणि गेला. गाडी दिघोरीतच राहिली. शॉकअप जुने बसले, साडीगार्ड तारेऐवजी बोल्टने बसलं. गज मात्र राहिले, कारण ते काढायला वेल्डिंगवाल्याला हंगामात वेळ नसतो आणि हंगाम नसला की तो नसतो. बसथांब्यावरचा फ्लेक्स कोणीतरी काढून, दुमडून धानाच्या पुंजण्यावर घातला. अवकाळी पावसात बर्फाचे डोंगर वर होते, दादा आतल्या बाजूला. मंडईला मी अजून स्कूटरवर मागे असतो. आता गरज नाही, पण स्टूल बरोबर असतं. टपरीवर बाकडं भरलेलं असलं तर बसायला होतं.

हिमालयासाठी केलेल्या दोन पेट्यांमध्ये वहिनी कोंबड्यांची कणी ठेवते. झाकणं घट्ट आहेत, उंदीर लागत नाहीत.