गुरुजींचे पंचवीस स्पर्श

एका ठेकेदार कंपनीच्या साहेबाने उरकुडे गुरुजींना फसवलं. त्यांची वही नेली आणि स्वतःच्या नावाने छापली. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

गुरुजी भंडाऱ्याकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा ते त्या कंपनीत मजुरांची हजेरी लिहीत आणि संध्याकाळी मरोद्याच्या मजूर-वस्तीत कंपनीच्याच वर्गात अक्षरं शिकवत. ‘क’ ते ‘म’ या पंचवीस वर्णांना ते ‘स्पर्श’ म्हणत. ते बोलताना जीभ कुठेतरी टेकते किंवा ओठ मिटतात, श्वासाची वाट क्षणभर अडते आणि मग सुटते. शिकणाऱ्याला हे तोंडात जाणवल्याशिवाय गुरुजी हातात पाटी देत नसत.

मी तेव्हा बांबूच्या चटया विकायचो आणि नेमका या स्पर्शांवरच अडखळायचो. “पा... पा...” होईपर्यंत गिऱ्हाईक म्हणायचं, “पाँच? चल, चार लगा!” मी संतापून चटई ओढून घ्यायचो.

गुरुजींनी ते पाहिलं. “सदू, कावून ढकलून राहिला बे? ओठाले ओठ नुसता लागू दे. लागला का सोड.”

महिनाभर ते रोज मला घेऊन बसले. ज्या दिवशी माझ्या तोंडून ‘पाच’ सरळ निघालं, त्या दिवशी म्हणाले, “आता भाव कर, पण भांडू नोको. लोकं पयतीन!”

प्रत्येक स्पर्शाला जीभ कुठे लागते, याची चित्रं त्यांनी वहीत काढली होती. आरशात पाहून, स्वतःच्याच चेहऱ्याची. साहेब म्हणाला, “छापून आणतो, वर्ग कायम तुमचाच.” पुस्तक आलं. वर साहेबाचं नाव, आत पानोपानी गुरुजींचं बाकदार नाक! वर्ग साहेबाच्या मेहुण्याकडे गेला.

मी उसळलो. गुरुजींनी माझं मनगट धरलं. “जाऊ दे ना बाप्पा. नाक तं माह्यंच हाये.”

हसले खरे, पण त्यानंतर त्यांनी कोणालाही एक अक्षर शिकवलं नाही. मेहुणा नुसती घोकंपट्टी करून घ्यायचा. माणसं गळाली, वर्ग बंद पडला. गुरुजी गावी परतले आणि तिथेच वारले.

साहेब आता भिलाईजवळच्या पद्मनाभपुरात राहतात. मी विचारायला गेलो तर भेटले नाहीत. म्हणून इथे लिहितो. साहेब, वही नेलीत ती नेलीत. पण शिकवणाऱ्या माणसाला गप्प करण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला? चार लोकांसमोर उत्तर द्या.