पेन की मशीन?

आर्डिस हौगनला कुठलं भांडं कुणाचं, हे एका नजरेत कळायचं. आमच्या टॅमरॅक रिज गावच्या चर्चच्या तळघरात रविवारचं जेवण उरकलं की ती सिंकपाशी उभी राहायची, धुतलेलं एकेक भांडं वर धरायची आणि हाक द्यायची, "हे बेव्हर्लीचं. हे निळ्या झाकणाचं पॅट्रिसच्या आईचं. हे जिचं होतं ती बिचारी आता देवाघरी गेलीय, घेऊन जा कुणीतरी." एकतीस वर्षं तिनं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. कुठलं पोर दूध पीत नाही, कुणाचा बाप पुन्हा प्यायला लागलाय, सगळं तिला ठाऊक असायचं, आणि त्यातलं निम्मंच ती पोटात ठेवायची. बाई मनाची वाईट नव्हती. जीभ तेवढी सैल होती.

नवरा रॉय गेला, नोकरी संपली आणि घर खायला उठलं, तेव्हा ती निवडणुकीच्या कामाला लागली. मतदानाच्या दिवशी दोनशे माणसं तिच्या टेबलासमोर येऊन आपापलं नाव सांगत. जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाला ती तोंड गंभीर करून विचारायची, "आपलं नाव?" आणि तोही मुकाट्यानं सांगायचा. तिला यात फार मजा वाटायची.

आमचं मतदान टाउन हॉलमध्ये होतं, म्हणजे बर्फ काढायचा ट्रक उभा करतात त्याच्या शेजारच्या खोलीत. खोलीच्या कोपऱ्यात एक मशीन असायचं. ज्यांना दिसत नाही, ज्यांच्या हातात पेन ठरत नाही, त्यांच्यासाठी. कानाला हेडफोन लावायचा, नावं ऐकायची, उठावाची बटणं दाबायची, की खालून छापील मतपत्रिका बाहेर. कायद्यानं ते दिवसभर चालू ठेवावं लागे. आमच्या लोकांनी ते चालूही ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्यावर कोटही टांगले. एकदा तर चॉकलेटच्या वड्यांचा अख्खा ट्रे त्यावर होता.

ते वापरणार कोण? गावात एकटी लॅवॉन ब्रेके आंधळी, आणि तिचं मत तिचा भाऊ ऑर्विल भरून द्यायचा.

लॅवॉननं बावीस वर्षं पोस्टाची खिडकी सांभाळली. बावन्नाव्या वर्षी मधुमेहानं डोळे नेले आणि ती ऑर्विलच्या घरी राहायला आली. ऑर्विल सतरा वर्षं टाउनचा चेअरमन, म्हणजे गावचा सरपंचच म्हणा. माणूस सोन्यासारखा. स्वतःच्या दारातला बर्फ तसाच ठेवून आधी म्हाताऱ्यांची दारं मोकळी करणारा. पण समोरच्याचं वाक्य त्यानं कधी पुरं होऊ दिलं नाही, आणि बहिणीचं तर नाहीच नाही.

"तो नावं वाचतो गं नीट," मार्च महिन्यात कॉफी पिताना लॅवॉन आर्डिसला म्हणाली. "फक्त त्याला न आवडणाऱ्या नावाच्या आधी खोकतो."

"खोकतो?"

"अगदी हलकेच. त्याला स्वतःला पत्ता नसेल. मग मी म्हणते, तुला बरं वाटेल ते कर. नऊ वर्षं मी ऑर्विलचं दुसरं मत आहे."

आर्डिसच्या मनाला हे फार लागलं. एप्रिलच्या निवडणुकीला तिनं सकाळीच मशीनवरचे कोट उचलून खुंटीवर अडकवले, धूळ पुसली आणि लॅवॉनला हाताला धरून तिथं बसवलं. ऑर्विल मागे येत होता. "तू बस रे तिकडे," आर्डिस म्हणाली, "हे दोघांचं काम नाही." लॅवॉनला पंचवीस मिनिटं लागली. उठली तेव्हा गाल लाल झाले होते. "कुणी खोकलं नाही," एवढंच ती म्हणाली.

इथवर सगळं छान झालं. संध्याकाळी मतमोजणी झाली आणि आर्डिसनं माती खाल्ली.

आमच्याकडे मतं हातानं मोजतात, सगळ्यांदेखत. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर ज्याला हवं त्यानं बसावं. बाकी सगळ्यांच्या मतपत्रिका मोठ्या, पेनानं गोल काळे केलेल्या. मशीनमधून आलेली मात्र लांबट, अरुंद, छापील नावांची. दिवसभराच्या कामानं आर्डिस थकली होती. गठ्ठ्यातून ती अरुंद पट्टी हाताला लागली आणि तिनं ती चर्चच्या तळघरात भांडं धरावं तशी वर धरली.

"ही लॅवॉनची," ती म्हणाली, आणि त्याच दमात पुढचं वाचलं, "चेअरमन, जॅनेट प्रुइट."

जॅनेट प्रुइट म्हणजे ऑर्विलच्या विरुद्ध उभी राहिलेली. आर्डिसनं जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. भिंतीजवळच्या खुर्चीत ऑर्विल मांडीवरच्या टोपीकडे बघत बसला. चौदा मतांनी तो निवडून आला. कुणी त्याचं अभिनंदन केलं तर "हो, हो" म्हणाला आणि ट्रक घेऊन निघून गेला.

आर्डिस दुसऱ्याच दिवशी लॅवॉनकडे गेली. वाटेत तीनदा तिनं माफीचं वाक्य म्हणून पाहिलं, आणि दारात पोचल्यावर ते विसरली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "कसं तोंडातून गेलं कळलंच नाही."

"ठाऊक आहे मला. तुझ्या तोंडातून सगळंच तसं जातं."

"ऑर्विल काही बोलला का?"

"बोलला असता तर बरं झालं असतं. आता मला पाहुण्यासारखं वागवतो. 'आणखी बटाटे घेशील का, लॅवॉन?' जन्मात कधी त्यानं विचारलं नव्हतं, सरळ ताटात वाढायचा. सतरा वर्षं तोच चेअरमन आहे, म्हणून म्हटलं दुसरं कुणीतरी बघू. एवढंच. त्याच्यावर माझा राग नाही. पण हे मी त्याला माझ्या वेळेनं सांगितलं असतं, किंवा नसतंही. तुम्हा सगळ्यांचं मत पेटीत जाऊन मिसळतं, आर्डिस. माझं पेटीतसुद्धा एकटंच पडतं. आता मी नाही येणार."

आर्डिस घरी आली आणि रडली. रॉय गेल्यावर इतकी रडली नव्हती. रडून झाल्यावर तिला राग आला, आधी स्वतःचा, मग त्या अरुंद पट्टीचा. आपण पुन्हा कधी नाव घेणार नाही, हे तिनं ठरवलंच होतं. पण नाव न घेऊन काय होणार? दोनशे मोठ्या कागदांत एकच पट्टी. खुर्चीवर बसलेलं शेंबडं पोरही सांगेल ती कुणाची.

ऑगस्टच्या निवडणुकीला लॅवॉन खरंच आली नाही. सप्टेंबरात आर्डिस टाउनच्या क्लार्ककडे जाऊन बसली. क्लार्क म्हणजे पॅट्रिस, निळ्या झाकणवालीची मुलगी; गावच्या निवडणुका तीच घेते. लहानपणी आर्डिसनंच तिला शाळेत बळेबळे गाजरं खायला लावली होती.

"ते मशीन फक्त अपंगांसाठीच आहे का गं?"

"नाही. कुणालाही वापरता येतं. पण वापरणार कोण, मिसेस हौगन?"

"मी विचारीन. प्रत्येकाला."

"तुम्ही कुणाला भरीस घालू शकत नाही हां. 'हेच वापरा' म्हणालात तर मला तुम्हाला उठवावं लागेल."

"भरीस कोण घालतंय? 'पेन की मशीन?' इतकंच. सगळ्यांना तोच प्रश्न, त्याच सुरात."

पॅट्रिसनं नियम काढून दोनदा वाचले. "याला हरकत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण तेवढे तीनच शब्द. तुम्हाला जमेल का?"

टोमणा वर्मी लागला, पण खोटा नव्हता. आर्डिस लॅवॉनकडे गेली आणि बेत सांगितला. लॅवॉननं ऐकून घेतलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत टाउनपुरता एक प्रश्न होता, आमचं अग्निशमन दल शेजारच्या टाउनच्या दलात मिसळावं की नाही. 'हो' म्हणा, असं सांगत ऑर्विल दारोदार फिरत होता.

"दहा पट्ट्या पडल्या की मला फोन कर," लॅवॉन म्हणाली. "नऊ असल्या तर करू नकोस."

नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी सात वाजता दार उघडलं. पहिला आला तो खुद्द ऑर्विल.

"आपलं नाव?"

"ऑर्विल ब्रेके." तो एप्रिलपासून आर्डिसशी एक अक्षर बोलला नव्हता.

"पेन की मशीन?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं. त्याला डाव कळला असावा. "पेन," तो म्हणाला.

त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांनीही पेनच घेतलं. कुणी हसले, कुणी नाक मुरडलं. "मी काय पांगळा झालोय का?" एकानं विचारलं. "आर्डिस, त्या मशीनचं तुला कमिशन मिळतं का?" दुसऱ्यानं विचारलं. उत्तरं तिच्या ओठांवर येत होती, एकापेक्षा एक झणझणीत. ती गिळून ती पुढच्याला विचारायची, "पेन की मशीन?" दहा वाजले. एकाहत्तर माणसं झाली आणि पट्टी एकही नाही. शेजारच्या टेबलावरून पॅट्रिस तिच्याकडे दयेनं बघत होती, ते तर तिला मुळीच सोसवेना.

सव्वादहाला व्हर्जिल सॅथर आला. सत्तरीचा लाकूडतोड्या, दाराएवढा माणूस. दरवेळी तो बायकोबरोबर यायचा. ती म्हणायची, यांच्या बोटांत पेन मावत नाही, म्हणून मीच भरते. मे महिन्यात ती वारली. आज तो एकटाच टोपी हातात घेऊन उभा होता.

"पेन की मशीन?"

व्हर्जिल मशीनकडे बघत राहिला. मग टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, "ते बोलतं का?"

"कानात. फक्त तुम्हालाच ऐकू येतं."

"सगळं वाचून दाखवतं? एकूण एक?"

"एकूण एक. पुन्हा हवं तर पुन्हा."

"मग ते."

आर्डिसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. व्हर्जिलच्या दोन्ही मुली तिच्या शाळेत जेवल्या होत्या. शाळेच्या चिठ्ठ्यांवर सही नेहमी आईची असायची. व्हर्जिलला वाचता येत नाही, ही पन्नास वर्षं त्या बाईनं झाकून ठेवलेली गोष्ट आर्डिसला एका क्षणात कळली, आणि एरवी दुपारपर्यंत ती गावाला कळली असती. आर्डिसनं यादीवर त्याच्या नावापुढे खूण केली आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यात. पॅट्रिस दाखवेल." ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितलेली नाही. व्हर्जिलनं मागाहून आपण होऊन सांगितली, म्हणून आम्हाला ठाऊक.

तो अर्धा तास बसला. बाहेर आला तो ताठ चालत, आणि दाराबाहेर शिकाऱ्यांचं टोळकं कॉफी पीत उभं होतं त्यांच्यात जाऊन मिसळला. हरणांच्या शिकारीचा मोसम दहा दिवसांवर आलेला, सगळ्यांच्या अंगात शिकारीत घालतात ती भगवी जाकिटं. काय बोलला देव जाणे, पण पुढचा शिकारी आत आला तो म्हणाला, "मशीन. व्हर्जिल म्हणतो चष्मा लागत नाही."

मग ओघ सुरू झाला. चष्मा घरी विसरलेले आले. हात थरथरतो म्हणून एक म्हातारी आली, आणि "मला आपलं बघायचंय" म्हणत तिची सून. सकाळी कमिशन विचारणाऱ्याची बायको आली, मशीनवर बसली आणि बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "तुला घाबरायला काय झालं होतं?" दुपारी दोननंतर तर मशीनपुढे रांग लागली. पॅट्रिसनं रांगेतल्यांसाठी खुर्च्या मांडल्या.

तीन वाजता आर्डिसनं फोन केला.

"किती?" लॅवॉननं विचारलं.

"सव्वीस."

"दहा म्हटलं होतं मी," लॅवॉन म्हणाली.

अर्ध्या तासानं ऑर्विलचा ट्रक दारात थांबला. त्यानं बहिणीला आतपर्यंत सोडलं, रांगेतल्या खुर्चीवर बसवलं आणि कुणाकडे न बघता ट्रकमध्ये जाऊन बसला. लॅवॉनचा नंबर आला.

"आपलं नाव?"

"लॅवॉन ब्रेके. काय गं, मलाही विचारणार आहेस का?"

"सगळ्यांना तोच प्रश्न. पेन की मशीन?"

"मशीन," लॅवॉन म्हणाली. मागे कुणीतरी म्हणालं, "जरा लवकर आटप गं, लॅवॉन, आम्हीही त्याच रांगेत आहोत." नऊ वर्षांत तिला कुणी घाई केली नव्हती. ती इतकी खूश झाली की मुद्दाम सावकाश गेली.

संध्याकाळी मोजणीला खुर्च्या भरलेल्या होत्या. त्रेचाळीस पट्ट्या निघाल्या. एकेक उचलताना आर्डिस फक्त "हो" किंवा "नाही" वाचत गेली. एखादी पट्टी हातात आली की वाटे, ही असेल का? पण सगळ्या सारख्याच, एका मापाच्या, एका ठशाच्या. तिला काही म्हणजे काही कळलं नाही, आणि न कळण्याचं एवढं सुख तिला आयुष्यात झालं नव्हतं. ऑर्विलचा प्रस्ताव नऊ मतांनी पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आर्डिसच्या जिभेच्या टोकावर प्रश्न तयारच होता. तू काय दिलंस, हो की नाही? पण तिनं तो गिळला आणि नुसतं विचारलं, "झोप लागली का?"

"लागली. ऑर्विलला नाही लागली बहुतेक." लॅवॉन हसत होती. "काल जेवताना सारखा घुटमळत होता. शेवटी हातातला काटा खाली ठेवला आणि म्हणाला, 'लॅवॉन, तू कुणीकडे मत दिलंस?'"

"मग?"

"मी म्हटलं, ओळख. तर म्हणतो, मला खरंच नाही ओळखता येत. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला मला विचारावं लागलं, आर्डिस."