डावीकडचा ब्लॉक

कामोठ्यात ‘ब्लॉक’ या शब्दाचे दोनच अर्थ चालतात. राहता फ्लॅट, नाहीतर हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा. दुसऱ्यावर लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचा काढा.

माझ्या ताईचं हृदय काही वर्षांपासून कमकुवत. गोळ्या चालू, तरी जिना चढताना धाप लागायची. यंदा ईसीजीवर ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’ असं छापून आलं. भाऊजींनी त्यातला ओळखीचा तेवढा शब्द उचलला. ते सोसायटीचे अध्यक्ष असल्यामुळे काढ्याचा ठराव चर्चेविना मंजूर झाला.

पनवेलच्या डॉक्टरबाईंकडे मी सोबत गेलो, तो निम्मा तरी भाऊजींची फजिती पाहायला.

“काका, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, ते आपण मागेच पाहिलंय,” काढ्याचं ऐकून बाई म्हणाल्या. “अडलंय ते वायरिंग. तिथे काढा पोचत नाही.”

हृदयाच्या डाव्या भिंतीला विजेचा इशारा उशिरा मिळतो, त्यामुळे दोन बाजू एकदम आवळत नाहीत आणि जोर वाया जातो, असं त्यांनी समजावलं. भाऊजींनी हळूच धोक्याचं विचारलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. आधीच थकलेल्या हृदयात असा उशीर दिसला, तर पुढची वाट सहसा अवघड असते. भाऊजींचं अध्यक्षपद जागेवर विरघळलं. माझीही मजा संपली.

मग बाईंनी कागदावरच्या रुंद लाटेवर बोट ठेवलं. ज्यांची लाट अशी रुंद, त्यांनाच दोन्ही बाजूंना एकदम इशारा देणारा पेसमेकर सहसा चांगला लागू पडतो. खात्री नाही, पण आशा भक्कम.

मला खुर्चीत बसवेना. ज्या रेघेने घाबरवलं, तीच रेघ सुटकेचं दार दाखवत होती.

ताई मात्र शांत. जन्मभर शाळेत लेझीम शिकवलेली बाई ती. “म्हणजे डावी रांग ठेका चुकवतेय,” ती म्हणाली. “शिट्टी दोन्ही रांगांना एकदम ऐकू गेली पाहिजे. बसवा.”

पेसमेकर बसल्यावर नवा ईसीजी निघाला. मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर शेजारी धरले. लाट अरुंद झाली होती, माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसेल इतकी. बाईंनी बजावलं की खरा निकाल काही महिन्यांनी. मी मान डोलावली आणि मुळीच ऐकलं नाही.

काही आठवड्यांनी मी कामोठ्याला गेलो, तर ताई भाऊजींना झापत होती. लांबलचक, सविस्तर, मध्ये एकदाही श्वासासाठी न थांबता. भाऊजी ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.