बोडणाची चौथी जागा

आमच्या घरी लग्न झालं की बोडण भरतात. मूल झालं तरी भरतात. आम्ही कोकणस्थ, आणि बंगळूरला येऊन अर्धं आयुष्य उलटलं तरी हे एक काही सुटलेलं नाही. चार सवाष्णी आणि एक कुमारिका मोठ्या परातीभोवती बसतात, मध्ये अन्नपूर्णा ठेवतात, आणि पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध असं सगळं घालून हातांनी कालवतात. तेवढ्या वेळापुरती कुमारिका म्हणजे साक्षात देवी. ती मागेल ते परातीत पडतं आणि ती पुरे म्हणेपर्यंत कालवणं थांबत नाही. पुरुषांनी हे बघायचं नसतं. त्यामुळे मी जन्मभर बोडण ऐकत आलोय, एकदाही पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या मुलीने लग्न केलं, एका मुलीशी. एचएसआर लेआउटमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघींनी एकमेकींना हार घातले, चार मित्रमैत्रिणी जेवल्या, झालं लग्न. कागद कुठलाच नाही, कारण असा कागद आपल्याकडे मिळतच नाही. ती मुलगी चिकोडीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच ठसक्यात बोलणारी. तिचे आईवडील इथेच के. आर. पुरमला राहतात, पण हार घातल्याचं कळल्यापासून तिचा फोन उचलत नाहीत. आठवडाभरात घरमालकालाही कळलं. माणूस सभ्य. हात जोडून म्हणाला, "खाली आमचं देवघर आहे. वर हे चालणार नाही." दोघी बॅगा घेऊन आमच्याकडे राहायला आल्या.

मी भडकलो. सरकारी संशोधन संस्थेत नोकरी काढलेला माणूस मी, नियमांचं पुस्तक उघडलं की उत्तर सापडतंच अशी माझी समजूत. ओळखीच्या वकिलाला गाठलं. तो म्हणाला, "असं असणं गुन्हा नाही, हे कोर्टाने सांगून टाकलंय. लग्नाचं मात्र संसदेवर सोडलंय. भेदभाव करू नये हे घटना मुख्यतः सरकारला बजावते. घरमालक म्हणणार, माझं घर, माझा देव, मला धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहे. तुम्ही भांडू शकता, पण..." त्या 'पण'नंतर त्याने चहा मागवला.

या सगळ्यात माझी बायको गप्प होती. ती देवाधर्माची, मी नास्तिक. सोवळं, उपास, कुळाचार यांवरून मी तिला इतकी वर्षं चिडवत आलोय. मला वाटलं, ही आता मनातल्या मनात कुढत असणार. तर एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "श्रावणातल्या शुक्रवारी बोडण भरून घेऊ. सून घरात आली ना."

"सून?" मी विचारलं.

"मग काय, भाडेकरू?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे तर्क लढवायला गेलो. सवाष्ण म्हणजे जिचा नवरा हयात आहे ती. या दोघींना नवराच नाही, मग परातीला बसणार कुठल्या नात्याने? ती म्हणाली, "जिचं माणूस जितंजागतं शेजारी बसलंय ती सवाष्ण. तुमच्या आपल्या नसत्या शंका." आणि सुनेला घेऊन चिकपेटला गेली. तिथे ओटीला खणच हवा, ब्लाउजपीस चालणार नाही, म्हणून दुकानं पालथी घालून आली.

पुढची अडचण घरातलीच होती. बायको, मुलगी आणि सून अशा तिघी झाल्या, चौथी कोण? आमच्या घरच्या प्रत्येक बोडणाला चौथी बसते ती माझी थोरली बहीण. ताई लग्न होऊन इथे बंगळूरच्या मल्लेश्वरमला आली ती माझ्याही आधी. आमच्या लग्नाच्या बोडणाला ती बसली, मुलगी झाली तेव्हाही बसली. या वेळी ती आठवडाभर आधी येऊन सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "तुमच्या घरात कुणी राहावं हा तुमचा प्रश्न. पोरगी गुणाची आहे, मी कुठे नाही म्हणते? पण बोडण देवीचं आहे, आणि माझ्या धर्मात हे लग्न नाही. मी बसणार नाही."

मी तावातावाने घटनेची कलमं काढली. समानता, प्रतिष्ठा, सगळं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. "तीच घटना मलाही माझा धर्म पाळू देते ना?" ती म्हणाली. "मग झालं तर." वकिलाने चहासकट जे सांगितलं होतं, तेच ही चहाशिवाय सांगत होती.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "वन्सं, तुमच्या श्रद्धेवर जबरदस्ती नाही. पण तुमच्या जागी मी दुसरं कुणी बसवणार नाही. रिकामी राहिली तर राहू दे." वरच्या मजल्यावरच्या अक्का आनंदाने बसायला तयार होत्या. तरी हिने त्यांना फक्त त्यांची नात कुमारिका म्हणून मागितली. मला हिचा फार राग आला.

राग माझ्यासाठी नव्हता, सुनेसाठी होता. एका संध्याकाळी सून गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. "बाबा, तिघींनी भरलं तर ते अपुरं मानतात का हो?" मी म्हटलं, छे छे, तसं काही नाही. तिला ते पटलं नसावं. "नाही भरलं तरी मला चालेल," ती म्हणाली. "पण भरून अपुरं राहिलं, तर ते माझ्यामुळे राहिलं असं होईल. आईने नको म्हटलं, घरमालकाने नको म्हटलं. आता देवीनेही नको म्हटलं तर मी कुठे जाऊ?" मी देव न मानणारा माणूस. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शुक्रवारी ताई रिक्षाने आली. नैवेद्याचं जेवीन, पण परातीला हात लावणार नाही, हे तिने दारातच पुन्हा सांगितलं. ती हॉलमध्ये माझ्यासमोर बसली. स्वयंपाकघराचं दार लागलं. आत बायको, मुलगी, सून आणि परकर-पोलक्यातली ती पहिलीत जाणारी पोर. आम्ही दोघं भावंडं पेपरची पानं वाटून घेऊन वाचायचं सोंग करत होतो.

आतून निरांजनाचा ताम्हणाला लागलेला आवाज आला. मग बायकोचा आवाज, एरवीपेक्षा खालच्या पट्टीतला. "आई, काय हवं?" सहा वर्षांच्या पोरीला ती आई म्हणत होती. "हालु," पोर म्हणाली. म्हणजे दूध. दूध ओतल्याचं ऐकू आलं. "आई, आणखी काय हवं?" मध मागून झाला, दही मागून झालं. प्रत्येक वेळी कालवणाऱ्या हातांचा आवाज ओला आणि जड होत गेला. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी पोर थोडी थांबली.

"ती बाहेरची अज्जी हवी," ती म्हणाली. "इथे जागा आहे ना."

आतले हात थांबले. कुणीही ताईला हाक मारली नाही, दारही उघडलं नाही. मी ताईकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिची दया आली. लहान पोर आहे, मनावर घेऊ नकोस, असं मी म्हणणार होतो. पण ताईने पेपर बाजूला ठेवला होता. तिने बंद दाराकडे बघून हात जोडले, गुडघ्यावर जोर देऊन उठली, दार ढकलून आत गेली आणि मागे दार लावून घेतलं.

ताईचा निश्चय मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या वडिलांपुढे ती कधी वाकली नाही, माझ्या कलमांपुढे तर नाहीच नाही. तिला अडवणारा कायदा नव्हता आणि ढकलणाराही नव्हता. नाही म्हणायला ती पूर्ण मोकळी होती. पण जिच्या नावाने ती नाही म्हणत होती तीच आतून बोलावते आहे, हे तिने एका पोरीच्या शब्दावर मानलं. मी तिच्या जागी असतो तर शंभर पळवाटा शोधल्या असत्या. विश्वास ठेवणं म्हणजे इतकं ठेवणं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ताई सोवळ्याचं रेशमी नेसून आली होती. नुसतं जेवायला येणारी बाई रिक्षातून सोवळं नेसून कशाला येईल?

बायकोने पोरीला पढवलं होतं का, हे मी नंतर विचारून पाहिलं. "देवीला पढवणारी मी कोण?" एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर मुळीच हसू नाही हे बघून मी विषय सोडला.

आत कालवणं खूप वेळ चाललं. पोर काही 'साकु', म्हणजे पुरे, म्हणेना. शेवटी म्हणाली, तेव्हा चौघी एकदम हसल्याचं ऐकू आलं. दार उघडलं. ताई पदराने कपाळ टिपत माझ्याशेजारी येऊन बसली. "माझं मत बदललेलं नाही बरं का," ती म्हणाली.

"मग बसलीस कशी?"

"मत माझं आहे. देवी थोडीच माझ्या मताने चालते?"

बोडण गाईला घालायचं असतं. आमच्या मागच्या गल्लीत एक गवळीण अजून गाई बाळगून आहे. केळीच्या पानाने झाकलेली बादली जड होती. एका बाजूने सुनेने धरली, दुसऱ्या बाजूने ताईने. मुलगी आणि बायको त्यांच्याबरोबर. मी, पुरुष, चार पावलं मागे. गवळणीने नव्या जरीच्या साडीतल्या सुनेला निरखून पाहिलं आणि ताईला कन्नडमध्ये विचारलं, ही कोण म्हणून.

सुनेने मान खाली घातली. माझी मुलगी काहीतरी बोलायला पुढे झाली, पण ताईने तिला हाताने थांबवलं.

"नम्म सोसे," ताई म्हणाली. आमची सून.

गवळणीला आमच्या घरात मुलगा नाही हे पक्कं माहीत होतं. तिने विचारलं, कुणाची बायको?

ताईने बादली खाली ठेवली, दम घेतला, आणि दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. "हिची."

गवळणीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि गाय सोडायला गेली.