न छाटलेली तुती

माझी मावशी आधी माणसाचा वास घ्यायची आणि मग त्याला ओळख द्यायची. पाहुणा कितीही जवळचा असो, त्याला दारातच उभं करून त्याच्या खांद्याजवळ नाक न्यायची. डोक्याला वासाचं तेल असेल तर परत पाठवायची. पावडर, अत्तर, डासांची उदबत्ती, हाताला लागलेला बाम, सगळ्याला बंदी. घरात झणझणीत फोडणी द्यायची तर चूल अंगणाच्या पार टोकाला. कारण मागच्या लांब खोलीत, बांबूच्या मांडणीवर, थरावर थर तिच्या रेशमाच्या अळ्या असायच्या, आणि त्यांना उग्र वास सोसत नाही. आई म्हणायची, "ताईला पोरं नाहीत असं कोण म्हणतं? चाळीस हजार आहेत, आणि एकाचंही नाक धड नाही."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, लग्न झालं तेव्हा तंबाखू खायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी मळलेल्या हातानेच पानं घातली आणि अळ्यांचं एक अख्खं ताट मेलं. अळ्यांनी माना वर केल्या, तोंडातून हिरवं पाणी टाकलं आणि आखडून पडल्या. त्या दिवसापासून काकांनी तंबाखू सोडली. मावशी हे सगळ्यांना हसत सांगायची, "माझ्यासाठी सोडली नसती हो. किड्यांसाठी सोडली." काका खाली मान घालून फोक सोलत राहायचे.

फोक म्हणजे तुतीच्या लांब कोवळ्या काड्या. त्या घरात तुतीचं काही वाया जात नसे. पानं अळ्यांना, चघळून उरलेले देठ शेळीला, साल गाठी बांधायला, जाड लाकूड खुरप्याच्या मुठीला, आणि फोकांच्या काका टोपल्या विणायचे. छपरीत बसून विणलेल्या त्यांच्या टोपलीत पाणी सोडून काहीही राहील, असं लोक म्हणत. फक्त फळ तेवढं त्या बागेत नसे. पानांसाठी तुती वर्षातून कितीदा तरी बुंध्यापर्यंत छाटावी लागते. बिचारीला फळ धरायला फुरसतच मिळत नाही. पान हवं तर फळाचा नाद सोडायचा, हा त्या धंद्याचा नियमच आहे.

पण कुंपणाजवळचं एक झाड या नियमातून सुटलेलं होतं. ते आईचं झाड. आई मावशीची धाकटी बहीण, आणि लग्न होऊन जाताना तिने दुसरं काही मागितलं नाही, एवढंच म्हणाली, "ताई, या एका झाडाला कोयता लावू नकोस." मावशीने शब्द दिला. ते झाड छपरापेक्षा उंच झालं. उन्हाळ्यात खाली सगळी माती जांभळी व्हायची. आम्ही फळं वेचायला गेलो की आमचे हात, ओठ, फ्रॉक, सगळं रंगायचं, आणि तो डाग जावा म्हणून मावशी आमच्या हातांवर त्याच झाडाची कच्ची, आंबट फळं चोळायची. डाग कमी व्हायचा की नाही ते सोडा, पण चोळून घ्यायला मजा यायची.

आई बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. दिवसभर बोलून तिचा घसा बसायचा. मावशी दरवर्षी त्या झाडाच्या फळांचा रस फडक्यातून पिळायची, साखर घालून मंद आचेवर आटवायची आणि बाटल्या भरून द्यायची. घशाला तुतीसारखं औषध नाही, असं तिचं ठाम मत होतं. आई कामावर बसायच्या आधी चमचाभर पाक जिभेवर धरून हळूहळू गिळायची. घसा पाकाने सुटायचा की बहिणीने केला आहे या समाधानाने, मला सांगता येणार नाही. पण दोघींमधला जिव्हाळा मोजायचाच म्हटलं तर त्या बाटल्यांनी मोजावा लागेल, कारण तोंडाने गोड बोलायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तोंड सगळ्यांना आहे, चांगलं फटकळ आहे, पण बोलायच्या वेळी नेमकं कुलूप लागतं.

मग ते वर्ष आलं. पानांवर पांढरी बुरशी पडली आणि बागेतली निम्मी तुती अंगात जीव नसल्यासारखी उभी राहिली. आणि वेळ कोणती, तर अळ्यांची शेवटची. चौथी कात टाकून उठल्या की त्या अशा खातात की माणसाने बघत राहावं. आयुष्यभरात जेवढं पान खातात त्यातलं बहुतेक सगळं त्या आठवड्यात. तेव्हा उपाशी राहिल्या तर कोष धरत नाहीत. नुसत्या लोळतात, वाळतात. मावशी सगळ्या शेजाऱ्यांकडे फिरली. ज्याच्या त्याच्या घरी तीच रड. शेवटी काका भल्या सकाळी उरलीसुरली पानं अळ्यांना घालून, सायकल काढून दूरच्या बागांकडे पानं शोधायला गेले. दुपार झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. मांडणीवर अळ्या माना हलवत होत्या.

मावशीने कोयता घेतला आणि आईचं झाड उतरवलं.

आईला विचारता आलं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता. पण विचारलं असतं तर आई नाही म्हणाली नसती, आणि मावशीला नेमकं तेच नको होतं. कुणाचे उपकार घेण्यापेक्षा शब्द मोडलेला बरा, असा तिचा हिशोब. फांद्यांवर अर्धी पिकलेली फळं होती, ती तिने ओरबाडून उकिरड्यात टाकली, पानं चिरली आणि ताटांवर पसरली. अळ्या तुटून पडल्या. मावशी मला पुढे म्हणाली, "मला बरं वाटलं गं तेव्हा. आधी बरंच वाटलं." संध्याकाळ व्हायच्या आत पहिल्या ताटातल्या अळ्यांनी माना वर केल्या.

हिरवं पाणी बघताच तिने ओळखलं. दुसऱ्या कुठल्या रोगात असं होत नाही, ही तंबाखूच. आणि त्या घरात तंबाखूशी ओळख असलेला माणूस एकच. मावशी छपरीत गेली, विणकामाच्या सामानाची उलथापालथ केली, आणि आढ्याला फडक्यात बांधलेली काकांची जुनी डबी तिला सापडली. डबी आहे हे तिला माहीत होतं. सोडलेल्या व्यसनाची डबी माणूस सहसा टाकत नाही, आणि तिनेही कधी हरकत घेतली नव्हती. पण ती गच्च भरलेली असायची. आता रिकामी होती.

काका अंधार पडता पडता आले. सायकलच्या मागे पानांचे दोन भारे होते. अंगणात पाय ठेवताच त्यांना आधी ते भुंडं झाड दिसलं. मावशी म्हणते, ते सायकल हातात धरून कितीतरी वेळ झाडाकडेच बघत राहिले. मग ती समोर आली आणि तिने डबी त्यांच्या पायाशी टाकली.

"परत सुरू केलीत ना?"

काकांनी सायकल भिंतीला टेकवली.

"अहो, मी काय विचारतेय? खाल्लीत ना? आणि त्याच हाताने सकाळी पानं घातलीत!"

"हो," काका म्हणाले. "खाल्ली."

एवढंच. त्या एका शब्दावर मावशीने पुढची सगळी वर्षं काढली. लोकांना तिने सांगितलं, रोग पडला. नवऱ्याने तंबाखूने मारल्या हे सांगायची तिला लाज वाटली. आईला सांगितलं की झाडाला बुरशी लागली, छाटून जाळावं लागलं. आईला वाईट वाटलं, पण ती फक्त "बरं" म्हणाली. मावशीने त्या झाडाच्या फोकांची काकांना एक टोपलीही विणू दिली नाही, सगळं चुलीत घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. ती मूठ आमच्या मावशीने इतकी घट्ट आवळली की तिचीच बोटं दुखली.

काकांना त्या दिवसापासून अळ्यांची खोली बंद झाली. बोलणं बंद नव्हतं, जेवायला वाढणं बंद नव्हतं, पण त्या दाराच्या आत पाय टाकायचा नाही. आणि खरं सांगायचं तर त्या खोलीतलं काम मावशीपेक्षा काकांनाच जास्त कळायचं. कात टाकायला झोपलेल्या अळ्या नेमक्या कधी जाग्या झाल्या, हे ते नुसतं ताटाकडे बघून सांगायचे. लवकर पान घातलं तर सुकून जातं, उशीर झाला तर अळ्या भुकेने इकडेतिकडे पांगतात. आता ते पानांची टोपली उंबऱ्यावर ठेवायचे आणि तिथेच उभे राहायचे. उन्हात, थंडीत, केस पांढरे झाले तरी. आत डोकावून विचारायचे, "उठल्या का?"

"तुम्हाला काय करायचंय?" मावशी आतून म्हणायची.

लहानपणी मला वाटायचं, काकांना खरंच वास येत असेल. मी एकदा मुद्दाम त्यांच्या मांडीवर बसून हुंगून पाहिलं. ओल्या सालीचा वास येत होता. मी मावशीला तसं सांगितलंही. "तू गप्प बस," ती म्हणाली, आणि मी गप्प बसले, कारण तिच्यापुढे बसायचं ते गप्पच.

काका गेले ते छपरीतच, टोपलीचा काठ वळता वळता. मावशीने रडणं लवकर आवरलं. अळ्या मात्र तिने पुन्हा घेतल्या नाहीत. एकटीला झेपत नाही म्हणाली. बाग तशीच राहिली, आणि कुणी छाटेना म्हटल्यावर सगळ्या तुतींना फळं धरायला लागली. कुंपणाजवळचं झाडही कधीचं परत वाढलं होतं. कोयत्याची भीती उरली नाही तसं तेही लगडलं.

त्या उन्हाळ्यात मी आईला घेऊन मावशीकडे गेले. आई नोकरीतून सुटली होती. घोषणा करायच्या नव्हत्या, तरी मावशीला पाक करायचा होता. तिघी झाडाखाली जुनी चादर पसरून फळं निवडत बसलो. आईने एक फांदी खाली ओढली. कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखे पांढरे ठिपके होते.

"पिठ्या ढेकूण आला बघ परत," आई म्हणाली. "भाऊजी असते तर लगेच औषध काढून दिलं असतं."

"कसलं औषध?" मावशीने विचारलं.

"तंबाखूचं पाणी. मागेही असाच आला होता. झाडाला बुरशी लागून तू ते छाटलंस, त्याच्या चार दिवस आधी. तू बाजारात गेली होतीस. मी आले तर ही सगळी फांदी पांढरी. भाऊजी छपरीतून डबी घेऊन आले आणि अख्खी माझ्या बादलीत रिकामी केली. म्हणाले, बरं झालं, एकदाची डबीची पीडा गेली. फडक्याने पानन् पान पुसून काढलं आम्ही."

मावशीच्या हातातली फळं तशीच राहिली.

"मला का नाही बोललीस?"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस. दारात तंबाखू म्हटल्यावर! भाऊजींनी मला दहादा बजावलं, की पानांच्या बागेकडे थेंब उडू देऊ नकोस. आणि माझ्या झाडाचं पान तू अळ्यांना थोडीच घालणार होतीस?"

"घातलं होतं," मावशी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. कोयता, उकिरड्यातली फळं, डबी, तो "हो". तंबाखूच्या पाण्याचा वास पान वाळल्यावर फारसा राहत नाही, आणि राहिला असता तरी घाईला नाक नसतं. ती सांगत होती आणि आई ऐकत होती. आईने हातातली फांदी सोडून दिली.

"मग भाऊजी हो का म्हणाले?" आईने शेवटी विचारलं.

त्याचं उत्तर तिघींनाही माहीत होतं. काकांनी ते भुंडं झाड पाहिलं तेव्हाच त्यांना सगळं कळलं असणार. खरं बोलायचं तर धाकटीने विष लावलं आणि थोरलीने शब्द मोडला, हे दोन्ही एकदम बाहेर काढायचं. त्या दिवशी मावशीच्या डोक्यात जो जाळ होता त्यात बहिणीचं नाव पडलं असतं तर पुन्हा तोंड पाहिलं नसतं तिने. म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर संन्याशाने स्वतःच मान पुढे केली.

मला काकांचाही राग येतो, खोटं कशाला बोलू? इतका मोठेपणा कशासाठी? जाळ कधीतरी विझतोच. वर्षभराने सांगायचं, पाच वर्षांनी सांगायचं. मावशी रडली असती, भांडली असती, पण नवरा जिवंत असताना रडली असती. त्यांनी दोघी बहिणींना जपलं आणि बायकोला माफी मागायची संधीच ठेवली नाही. आणि तरी, असा माणूस माझ्या बघण्यात दुसरा नाही.

आई मावशीच्या पाठीवर हात फिरवत होती. "तुला तरी काय माहीत, ताई," असं काहीतरी म्हणत होती. मावशीला ते ऐकूच जात नव्हतं. ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"मला वाटायचं, केल्याची लाज वाटते म्हणून हे आत यायचं कधी म्हणत नाहीत," ती म्हणाली. "दारातच उभे राहायचे. अगं, ते वाट बघत होते, मी 'या' म्हणायची."