हद्दीपलीकडची नर्स

कायदा पाळणारी माणसं मी जन्मात फार पाहिली नाहीत. जी पाहिली, त्यांत माझ्या धाकट्या जावेच्या सुनेइतकं डोकं कोणी उठवलं नाही. ती मुलताईची, म्हणजे मध्य प्रदेशातली, शिकलेली नर्स. आमचं गाव वरूडच्या पुढे, हद्दीला लागून. तिच्या लग्नाला आम्ही सकाळी चहा घेऊन निघालो आणि अक्षता पडायच्या आत पोचलो, इतकं माहेर जवळ. पण सासरी येताना तिचं नर्सपण काही तिच्याबरोबर आलं नाही. नाव भोपाळच्या, नर्सांची नोंद ठेवणाऱ्या पुस्तकात चढलेलं; इकडे काम करायचं तर ते मुंबईच्या पुस्तकात चढायला पाहिजे. मुंबईवाले म्हणत, भोपाळचा कागद येऊ द्या. भोपाळवाले म्हणत, आम्ही पाठवला. तो कागद बहुधा पायी निघाला होता. तोवर ही बाई रोज सकाळच्या बसने मुलताईच्या दवाखान्यात कामाला जायची, संध्याकाळी परत यायची, आणि हद्दीच्या अलीकडे आपण नर्स आहोत हे कबूलच करायची नाही.

शेजारची म्हातारी ताप दाखवायला दारात येऊन बसली, तर ही तिला चहा देई, पंख्याखाली बसवी आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगे. माझ्या जावेला साखरेचा आजार, त्यामुळे तिला दोन्ही वेळ सुई घ्यावी लागे. ती सुई मात्र हीच द्यायची. पण आधी डोक्यावर पदर घ्यायची. आमच्या घरात पदराची सक्ती कधी कोणी केली नव्हती. "हे सून देऊन राह्यली, नर्स नाई," असं ती बजावायची. जाऊ म्हणायची, "कोणीबी दे बाई, दुखलं नाई म्हणजे झालं." आणि दुखायचं नाही. दवाखान्यातली काहीतरी गंमत सांगून ती सासूला हसवायची, आणि हसू संपायच्या आत सुई बाहेर.

तिचा खरा कारभार बसमध्ये चाले. मध्य प्रदेशाचा बोर्ड मागे पडला की ती पदर कमरेला खोचायची, पिशवीतून बीपीचं मशीन काढायची आणि एकदम वेगळीच बाई व्हायची. आवाजसुद्धा बदलायचा. मग आधीपासून बाह्या वर करून बसलेल्या बायांचे हात एकेक पुढे येत. मुलताईला काडीचं काम नसलेल्या बाया हद्दीपलीकडच्या पहिल्या थांब्याचं तिकीट काढत. बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत हद्दीवर संपते, पुढच्या तुकड्याचे पुरे पैसे पडतात, तेही देत. मीही दिले. एकदा बस बोर्डाच्या अलीकडेच पंक्चर झाली. माझं डोकं जड होतं, म्हणून मी तिथेच हात पुढे केला. ती म्हणाली, "मोठी माय, बाही खाली करा. हद्द नाई आली."

मी म्हटलं, "कावून वं? तिकडं गेल्यावर माह्या हातात दुसरं रक्त येते का?"

तिने मला धरून हळूहळू बोर्डापलीकडे नेलं आणि मैलाच्या दगडावर बसवलं. अर्धी बस आमच्या मागे चालत आली आणि रस्त्याच्या कडेला रांग लावून उभी राहिली. कंडक्टरने टायर सोडून आधी स्वतःचं बीपी मोजून घेतलं.

घरी आल्यावर मी तिला चांगलंच सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "आज तुमी मले ओळखता. उद्या कोणी बी बाई येईन, नर्स आहो म्हणून सुया टोचीन. पुस्तकात नाव नसन तं तिले कुठं शोधसान?" मला राग आला, कारण बोलणं खरं होतं. पण माणसाचं नाव या पुस्तकातून त्या पुस्तकात न्यायला एवढा वेळ का लागावा, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मधे हद्दीपलीकडच्या बैतूलच्या एका दवाखान्याने राहायच्या खोलीसकट नोकरी देऊ केली. ती गेली नाही. इकडचा कागद झाला की वरुडातच काम धरायचं, दुपारच्या जेवणालासुद्धा घरी यायचं, असं सासू-सुनेचं ठरलेलं होतं. तिचा नवरा संत्र्याच्या बगीच्यात. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. कागदाची वाट तिच्यापेक्षा जाऊच जास्त बघायची. गावातल्या देवीला नवसही बोलली होती. देवीला भोपाळ आणि मुंबई दोन्हीकडे लक्ष घालायला सांगितलंय, असं मला म्हणाली.

शेवटी एकदाचा कागद झाला. जावेने गल्लीत पेढे वाटले. वरुडात मात्र कुठेच जागा निघाली नाही. अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्याने लगेच बोलावलं. पाळ्या अशा, की रोज जाऊन-येऊन करणं जमण्यासारखं नव्हतं. जायच्या आधी सासूला स्वतःची सुई स्वतः घ्यायला शिकवून ती गेली. परराज्याची होती तोवर रोज संध्याकाळी घरी यायची. आपल्या राज्याची झाली आणि आठवड्याची पाहुणी झाली. कायद्याचं मला एवढंच कळलं.

आता ती सुट्टीच्या दिवशी येते, पाठ टेकते आणि ऊन अंगणभर पसरेपर्यंत झोपते. माझी जाऊ तर उजाडल्यावर कोणत्याही बाईला अंथरुणात पाहू न शकणारी. पण परवा त्यांच्याकडे गेले, तर जाऊ उंबऱ्यावर काठी घेऊन बसलेली. आवाज करणाऱ्या कोंबड्या हाकलत होती. मी म्हटलं, "उठव न तिले. एवढ्या दुरून आली, दोन गोष्टी तरी होतील."

जाऊ हळू आवाजात म्हणाली, "झोपू दे. उठली का लगेच पिशवी भराले घेते."

मीही मग आवाज न करता तिच्याशेजारी बसले.